सोफ्यावर गाडी लागली

आमच्या मराठी मंडळानं यंदा दिवाळीला रांगोळी स्पर्धा रद्द करून व्हिडिओ गेमची शर्यत ठेवली, तिथून माझ्या अधोगतीला सुरुवात झाली. रांगोळी का रद्द झाली? तर मागच्या वर्षीचा गुलाबी रंग अजून हॉलच्या लाकडी फरशीच्या फटींत बसलेला आहे, आणि हॉल सांभाळणाऱ्या बाईंनी तो आमच्या अध्यक्षांना अतिशय गोड शब्दांत दाखवला. आयरिश माणूस गोड बोलायला लागला की समजावं, विषय संपला. तेव्हा अध्यक्ष पुरुषोत्तमराव म्हणाले, "फरशीला काही लागणार नाही असं ठेवा काहीतरी." फरशीला काहीच लागलं नाही. लागली ती मला.

स्पर्धा जोडीची होती. एक पालक, एक मूल, मोठा पडदा आणि गाड्यांची शर्यत. एक फेरी मुलानं मारायची, पुढची पालकानं. मी अशा स्पर्धांकडे सहसा मागच्या रांगेतून बघतो आणि फराळाच्या ताटाशी एकनिष्ठ राहतो. पण त्या संध्याकाळी आमची श्रावणी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "यू कॅन बी माय पार्टनर, बाबा. इफ यू लाइक."

श्रावणीचं वय तेरा. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, आणि तेही इथल्या शाळेतले हेल काढून. शाळा कशी होती? ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत 'छान, ठीक'. जेवलीस का? ग्रँड. तुला ताप आहे का? आय'म ग्रँड. गेलं वर्षभर मी आणि माझी मुलगी एका शब्दावर संसार चालवत होतो. पूर्वी ही पोरगी माझ्या पोटावर बसून माकडाची तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची. आता मी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडतो म्हटलं तरी ती दोन चौक आधी उतरते. तेव्हा 'इफ यू लाइक' ऐकून माझ्या घशाशी काहीतरी आलं, हे मी उघड सांगतो. पुढे घशाशी बरंच काही यायचं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता थोडं तांत्रिक. त्या गेममध्ये एक बटण असतं. ते दाबत गेलं की आपण गाडीकडे कुठून बघायचं ती जागा बदलते. पहिला कॅमेरा गाडीच्या मागे, जरा वर. दुसरा बॉनेटवर. तिसरा पार खाली बंपरला, रस्त्याला नाक लावून. आणि चौथा गाडीच्या आत, ड्रायव्हरच्या डोळ्यांमधून. मी जन्मजात पहिल्या कॅमेऱ्याचा माणूस. आख्खी गाडी दिसते, मागचे दिवे दिसतात, कुठे घासली तर लगेच कळतं. आपण मध्यमवर्गीय माणसं आयुष्यभर स्वतःकडे याच कॅमेऱ्यातून बघतो. आपण मागून कसे दिसतोय, शर्ट बाहेर आलाय का, कोणी हसतंय का. समोरचा रस्ता काय, येतोच. या कॅमेऱ्यातून मी बऱ्यापैकी चालवत होतो, आणि श्रावणी एकदा चक्क "नॉट बॅड" म्हणाली. ते मी ऑफिसात दोघांना सांगितलं.

मग विक्रांत मध्ये पडला. हा आमच्याच वसाहतीत राहतो. एकटा जीव, पगार चांगला, त्यामुळे घरात सोफा नाही पण गेमसाठी खरं स्टिअरिंग, खरी पेडल आणि शर्यतीच्या गाडीची खुर्ची आहे. त्यानं मंडळाच्या ऑनलाइन बैठकीत मुद्दा मांडला की कॅमेरा व्ह्यू सगळ्यांना सारखा हवा. पुरुषोत्तमराव म्हणाले, "प्रत्येकाला आपापला व्ह्यू मांडू द्या, आपण कुणाचा आवाज दाबत नाही." मग त्यांना व्ह्यू म्हणजे काय ते समजावण्यात वेळ गेला. समजल्यावर मात्र ते पेटले. हा माणूस इथे इतकी वर्षं आहे की त्याला आल्या आल्या घर मिळालं होतं, जे आता इथे कुणालाच मिळत नाही, त्यामुळे त्याचा स्वतःच्या मतांवर फार विश्वास आहे. "गाडी चालवायची तर आत बसून," ते म्हणाले. "गाडीच्या मागे पळतो तो ड्रायव्हर नव्हे, क्लीनर!"

सगळे हसले. मी माझा माइक बंद करून हसलो. ठराव झाला, चौथा कॅमेरा सक्तीचा, ते बटण दाबून कॅमेरा बदलल्यास फेरी बाद.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरून काम आटोपतं घेतलं आणि आत बसलो. म्हणजे सोफ्यावरच, पण गाडीच्या आत. समोर स्टिअरिंग, त्यावर हातमोजे घातलेले कुणाचे तरी दोन दणकट हात, काच, काचेवर पाऊस, आणि रस्ता असा अंगावर. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणाला कपाळावर घाम आला. तिसऱ्याला तोंडात पाणी सुटलं, आणि लहानपणी आंबोलीच्या घाटात जो मी खिडकीबाहेर डोकं काढून होतो, तोच मी बैठकीच्या खोलीत पुन्हा अवतरलो. मला गाडी लागली. सोफ्यावर. गाडी जागची हललेली नाही, पेट्रोल नाही, टायर नाही, आणि मला गाडी लागली!

माझी बायको पद्मजा त्या आठवड्यात ट्रेनिंगसाठी वॉटरफोर्डला होती. तिला फोन केला. ती आधी हसली, मग पुन्हा हसली, मग म्हणाली, "खिडकीत बस." मी सोफा ओढून खिडकीला लावला आणि खिडकी सताड उघडली. ऑक्टोबरचा आयरिश वारा पावसासकट आत आला. श्रावणी कोट घालून, टोपी ओढून शेजारी बसली. नागपूरहून आईनं व्हिडिओवर सांगितलं, "पोटावर पेपर बांध. तुझ्या बाबांना त्यानंच गुण यायचा." इथे पेपर कोण घेतं? दुकानात जाऊन आणला. तो निघाला शेतकऱ्यांचा साप्ताहिक, चांगला जाडजूड, पहिल्या पानावर बक्षीस मिळालेली मेंढी. ती मेंढी शर्टाच्या आत पोटाशी घेऊन मी बसलो. वर लिंबू हुंगत. इंडियन दुकानात आवळासुपारी मिळाली, ती गालात. आपण कशासाठी बसलोय हे मध्येच विसरायला व्हायचं.

तरी मी रोज बसत होतो. दुसरं वळण, तिसरं वळण, बाथरूम. श्रावणी एकदा म्हणाली, "बाबा, वी डोन्ट हॅव टू." मी म्हणालो, "नाही नाही, जमतंय." तिच्या आवाजात काळजी होती असं मी धरून चाललो.

शुक्रवारी ते घडलं. मी पाचव्या वळणापर्यंत पोचलो होतो, म्हणजे माझा विक्रमच. तिथे समोरची गाडी गरगरली, तिच्यामागे माझी गरगरली, हातमोजेवाले हात वेडेवाकडे फिरले, आणि मी उठलो. बाथरूम लांब, दार जवळ. बाहेर जाऊन मी वसाहतीच्या रस्त्याकडेला, शेजारच्या नोरीनबाईंच्या कुंपणाशी बसलो आणि जे व्हायचं ते झालं. वाकलो तशी शर्टातून मेंढी निसटली आणि रस्त्यावर पडली. मी डोकं गुडघ्यांत घालून एवढंच म्हणत होतो, "गाडी लागली गं... गाडी लागली..."

वर बघितलं तर श्रावणी दारात उभी. तिच्या शेजारी तिच्या वर्गातली ईफा आणि आणखी दोन मुली, शाळेच्या गणवेशात, तोंड उघडं टाकून. त्या नेमक्या तेव्हा तिला बोलवायला आल्या होत्या. आणि नोरीनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आल्या. "काय झालं? काय म्हणतायत ते, लव्ह?" असं त्यांनी श्रावणीला विचारलं.

श्रावणीनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "ही वॉज हिट बाय अ कार," ती म्हणाली.

मी हात हलवून नाही नाही म्हणालो, पण त्या अवस्थेत तोंड उघडणं परवडणारं नव्हतं. नोरीनबाईंनी मला उठू दिलं नाही. अंगावर ब्लँकेट टाकलं, पोलिसांना, म्हणजे इथल्या गार्डांना फोन लावला आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत "पळूनही गेला मेला" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या.

गार्डा आली ती तरुण मुलगी होती, फार सौम्य. तोवर मला जरा बरं वाटत होतं, आणि पोलिसांशी आपण खोटं बोलत नाही. तिनं विचारलं, गाडीचा रंग? म्हटलं, लाल. कोण चालवत होतं?

"मीच."

लिहिता लिहिता तिनं वर बघितलं. "म्हणजे तुम्ही चालवत होता, आणि तीच गाडी तुम्हाला लागली?"

"हो ना. मी आत होतो म्हणूनच. मागून बघत असतो तर काही झालं नसतं."

"आणि हे कुठे झालं?"

"सोफ्यावर."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. नोरीनबाईंना बाजूला घेऊन डोक्याला मार असू शकतो, यांना एकटं सोडू नका, डॉक्टरला दाखवा, असं सांगितलं. मी इंग्रजीत समजवायचा पुष्कळ प्रयत्न केला. आमच्या भाषेत गाडी लागते म्हणजे गाडी माणसाला चिकटते, असंही सांगून पाहिलं. त्यावर तिनं डॉक्टरला आजच दाखवा असं सुधारून सांगितलं. पद्मजा येईपर्यंत नोरीनबाई माझ्याजवळ बसून राहिल्या आणि मला सूप पाजत राहिल्या. त्यात कोण होतं हे विचारायचा धीर मला झाला नाही.

इंग्रजीत समजावता आलं नाही हे मी समजू शकतो. पण पुढचा मार मला मातृभाषेत बसला. नोरीनबाईंनी विक्रांतला सांगितलं आणि विक्रांतनं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'उपेंद्रदादांना गाडीची धडक. प्रकृती स्थिर.' पाठोपाठ हात जोडलेली चित्रं आली. वसुधाताईंनी घाईघाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून काढून टाकली, पण ती बऱ्याच जणांनी वाचली होती, कारण त्यातल्या काहींनी त्यावर अंगठा दिला होता. मी तातडीनं लिहिलं, 'अहो धडक वगैरे नाही. मला गाडी लागली होती.'

पुरुषोत्तमराव: 'तेच म्हणतोय आम्ही. कुठे लागली?'

मी लिहिलं, 'घरी.'

'घरात शिरली गाडी??' वसुधाताई.

'तसं नाही हो. मी खेळत होतो.'

'रस्त्यात?'

यानंतर मी फोन उलटा ठेवला. ग्रुपनं आपापसात चर्चा करून मार पायाला आहे असं ठरवलं. उजव्या. डब्यांची पाळी लागली, आणि माझ्या आजारपणात माझ्या घरी इतकी साबुदाण्याची खिचडी आली की उपास कुणाचा तेच कळेना. शेवटी अध्यक्षांचा संदेश आला की श्रावणीचं नुकसान होऊ नये म्हणून विक्रांत तिच्यासोबत खेळेल, कार्यकारिणीनं त्याला 'पालकस्थानी' मानलं आहे. जिवंत बाप घरात खिचडी खातोय आणि कार्यकारिणी पालकस्थानी माणूस नेमते. मी श्रावणीला विचारलं, तुला चालेल का? ती म्हणाली, ग्रँड.

पद्मजेला सगळं पहिल्या फोनमध्येच कळलं होतं. "मग सांगून टाक ना सरळ, ओकारी झाली म्हणून," ती म्हणाली.

"सगळे हसतील."

"हसू देत."

मला ते जमलं नाही. पण मला खरं लागलं होतं ते वेगळंच. माझ्या मुलीला 'गाडी लागणे' कळलं नाही. एवढा साधा वाक्प्रचार! मी पद्मजेला म्हटलं, "चुकलं आपलंच. घरात मराठी बोलायचं, पण कान देऊन बोललो नाही. पोरगी शब्दशः भाषांतर करते. आपली भाषा तिला परकी झाली." पद्मजा भाजी चिरत होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाजी जरा जास्तच बारीक चिरली. मी त्याच आठवड्यात श्रावणीला लागणे या क्रियापदाची रूपं समजावली. भूक लागते, झोप लागते, दार लागतं, नजर लागते, मनाला लागतं. ती हो हो करत होती.

आणि मी आणखी एक गोष्ट केली. ऑफिसनं सहानुभूतीनं घरी बसवलं होतं. श्रावणी शाळेत गेली की मी पडदे लावून, गालात आवळासुपारी धरून, आतल्या कॅमेऱ्यातून चालवत होतो. घाम आला तरी डोळे मिटले नाहीत. बुधवारी मी पूर्ण फेरी मारली. सगळी वळणं, शेवटची सरळ पट्टी, आणि वर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा! त्या रिकाम्या खोलीत मी उभा राहून दोन्ही हात वर केले. आता मी ग्रुपला, नोरीनबाईंना, कोणालाही खरं सांगायला तयार होतो. हसतील तर हसोत. माझ्या मुलीबरोबर मी खेळणार होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये शिरताना मी ताठ चालत होतो. फराळाची टेबलं लागली होती, विक्रांत पडद्याच्या वायरी जोडत होता, पुरुषोत्तमराव माइकशी झटत होते. अजून कोणाचं लक्ष नव्हतं. मी श्रावणीला कोट टांगायच्या कोपऱ्यात घेतलं.

"हे बघ बाळा," मी म्हणालो, "मी आता स्टेजवर जाऊन सगळ्यांना खरं सांगतो. तुझी काही चूक नाही. तुला अर्थ कळला नाही, तू भाषांतर केलंस. दोष माझा, असं सांगेन. आणि आज मीच खेळतो तुझ्याबरोबर. मला आतून चालवता येतं आता. आख्खी फेरी मारलीय मी."

तिनं मान वर केली नाही. टांगलेल्या कुणाच्या तरी कोटाचं बटण फिरवत राहिली.

"आय नो व्हॉट इट मीन्स, बाबा."

"काय?"

"गाडी लागणे. आय'व ऑल्वेज नोन." मग ती भराभरा बोलली, खालच्या आवाजात. ईफा तिथे होती, बाकीच्या होत्या, पोटातून मेंढी पडली होती. बाप सोफ्यावर बसून गेम खेळताना ओकला, असं सांगितलं असतं तर सोमवारपर्यंत सगळ्या शाळेला कळलं असतं. "हिट बाय अ कार इज ग्रँड," ती म्हणाली. "लोकांना वाईट वाटतं. दे वर ऑल सो नाइस अबाउट यू."

तिचं मराठी उत्तम होतं. दोन्ही अर्थ तिला येत होते, आणि त्यातला कुठला कुठे वापरायचा हेही येत होतं.

"प्लीज डोन्ट टेल देम," ती म्हणाली. "ईफा इज हिअर. तिची ममसुद्धा आलीय." तिसऱ्या रांगेत ती मुलगी आईशेजारी बसून चकली खात होती. मला बघून तिनं काळजीनं हात हलवला.

तेवढ्यात माइक सुरू झाला. "आणि आता," पुरुषोत्तमराव गरजले, "मृत्यूच्या दाढेतून परत आलेले आपले उपेंद्र इथे आले आहेत असं कळतंय! या, या! टाळ्या!"

सगळा हॉल मागे वळला. टाळ्या सुरू झाल्या. मी श्रावणीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण ते माझ्यासाठी नव्हते, भीतीनं भरले होते.

"कुठला पाय?" मी हळूच विचारलं.

"राइट," ती लगेच म्हणाली.

मी उजवा पाय ओढत खुर्च्यांच्या मधून निघालो. लोक उठून वाट देत होते. वसुधाताईंनी डोळे पुसले. विक्रांत धावत आला आणि मला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, हेही मी होऊ दिलं. पुरुषोत्तमरावांनी मला मिठी मारली, खुर्ची मागवली, आणि माइक माझ्या तोंडाशी धरला.

"नेमकं झालं कसं, सांगा ना सगळ्यांना."

कोपऱ्यात कोटांच्या मधून श्रावणी बघत होती.

"मागून आली," मी म्हणालो. "मला दिसलीच नाही."